झाडलेली वाट

आमच्या घरात संशय मिठासारखा रोज लागायचा. बाबा जंगलखात्यात गार्ड होते, आणि गार्डाचं अर्धं काम म्हणजे समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या डोक्यावरच्या मोळीकडे बघणं. मोळीत हिरवं लाकूड आहे का, कुऱ्हाडीच्या पात्याला ताजा चीक लागलाय का, सायकलला बांधलेल्या पिशवीतून वास कशाचा येतो. ही सवय नाक्यावरून त्यांच्याबरोबर घरी यायची आणि वर्दी खुंटीला टांगली तरी उतरायची नाही. मी चंद्रपूरच्या वसतिगृहातून सुट्टीला आले की बाबा आधी माझ्या ट्रंकेकडे बघत, मग माझ्याकडे. आईचं तर विचारूच नका. तिला हाटातल्या तांदळात खडे मुद्दाम मिसळलेले वाटत, माझ्यासाठी आलेल्या प्रत्येक सोयरिकीत खोट दिसे, आणि कोणी जरा गोड बोललं की ती आत येऊन हळूच म्हणे, "याच्या पोटात काई तरी हाय." अशा दोघांच्या पोटी जन्मलेली मी. माझ्याकडून भोळेपणाची अपेक्षा कोणी करू नये.

आमचं क्वार्टर अगदी डोंगराच्या पायथ्याशी होतं. दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली बाबांच्या बुटांची जागा. नाक्याच्या आडव्या बांबूपासून मातीचा रस्ता सुरू व्हायचा तो सागाच्या आणि बांबूच्या जंगलातून वळणं घेत वर चढायचा, आणि वरच्या पठारावर तलाव होता. उन्हाळ्यात सागाची पानं गळून डोंगराची हाडं दिसायला लागत. काळे खडक, कपारी, मधूनमधून पांढऱ्या सालीचं एखादं कराईचं झाड. दिवसभर कोरड्या पानांचा आवाज चाले. रोही गेला की वेगळा, अस्वल गेलं की वेगळा, आणि माणूस गेला की सगळ्यात वाईट. आई चुलीवर लाखोळीची डाळ शिजवताना मध्येच पळी थांबवून कान द्यायची आणि म्हणायची, "सांबर हाय. बस." मग पळी पुन्हा फिरायची. आजही माझ्या फ्लॅटच्या जिन्यात पाऊल वाजलं की मी हातातलं काम थांबवते. सून हसते.

बाबांच्या संशयाखाली भीती होती हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घराण्यात सरकारी वर्दी घालणारे ते पहिले. आजोबा दुसऱ्याच्या धानात राबले. बाबा सांगत, "दुसऱ्यानं चूक केली तर लोक चूक पाह्यतात. आपल्या मानसानं केली तर जात पाह्यतात." त्या वर्षी उन्हाळा लागताना त्यांच्या बीटात, म्हणजे त्यांच्या राखणीतल्या पट्ट्यात, नाल्याच्या काठी, लोखंडी सापळा सापडला. वाघासाठी लावलेला, पानांनी झाकलेला. जनावर अडकलं नव्हतं, पण रेंजरसाहेबांनी सगळ्यांच्या देखत बाबांना सांगितलं की माहिती देणारा माणूस आतलाच असला पाहिजे, तो शोधा, नाही तर तुमची वर्दी उतरवतो. त्या दिवसापासून बाबा जेवताना बोलेनासे झाले. आई त्यांना मोहफुलं भाजून द्यायची, जवसाची चटणी वाटायची, आणि ते ताटाकडे असे बघायचे की त्यातही कोणी काही लपवलंय.

आतला माणूस म्हणजे कोण? आत होते तरी किती! बाबा, दुसऱ्या बीटाचा गार्ड, विश्रामगृहाचा खानसामा, आणि मनकूभाऊ.

मनकूभाऊ पलीकडच्या गोंडांच्या पाड्यावरचा. पन्नाशीचा, सडपातळ, कानाला छिद्रं, कमरेला छोटी कुऱ्हाड. तो खात्यात रोजंदारीवर होता आणि त्याचं काम होतं माग काढायचं. पहाटे फटफटलं की तो रस्त्यानं चालत वर जायचा, फुफाट्यात उमटलेले पंजे वाचायचा आणि येऊन सांगायचा की वाघ कुठून कुठे गेला. त्या बातमीवर पाहुण्यांच्या जीपा धावायच्या. मलाही वाचायला त्यानंच शिकवलं. वाघाचा पंजा चौकोनी, वाघिणीचा लांबट. जनावर घाईत असलं की बोटं पसरतात. एकाच वाटेनं रोज जाणं-येणं असेल तर त्या वाटेच्या टोकाला त्याचं घर समजायचं. उन्हाळ्यात वाघांची मोजणी असे, तेव्हा पंज्यावर काच ठेवून वरून त्याची रेघ ओढावी लागायची. बाबांचा हात थरथरायचा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. माझी रेघ बघून रेंजरसाहेब एकदा म्हणाले होते, "गार्डाच्या पोरीचा हात खोटं बोलत नाही." त्या शाबासकीनं मी महिनाभर हवेत होते.

पाहुणे रविवारी फार. भद्रावतीच्या फॅक्टरीच्या कॉलनीतून माणसं यायची, पुरीभाजीचे डबे, सतरंज्या, ट्रान्झिस्टर घेऊन. तलावाच्या काठी बसायची, मोरांना पुऱ्या टाकायची, आणि उतरता उतरता बाबांना विचारायची, "वाघ किती वाजता येतो?" जणू तो चंद्रपूरची एसटी आहे. नागपूरच्या जीपवाल्यांचं वेगळं. त्यांना वाघ जवळून हवा असायचा, आणि एकदा बातमी फुटली की पाच-सहा गाड्या एका झुडपाला घेरून तासन् तास उभ्या. इंजिनं चालू, पोरं दरवाजे आपटताहेत, कोणी सीटवर उभं राहून टाळ्या वाजवतंय. मनकूभाऊ अशा वेळी दूर जाऊन बिडी ओढत बसायचा. मला ते तेव्हा कामचुकारपणाचं वाटलं. संशय एकदा डोळ्यात गेला की माणसाचं बसणंही चुकीचं दिसतं.

त्याच सुमाराला त्याच्या बातम्या खोट्या निघू लागल्या. "काई नाई आज," असं तो रोज सांगायचा. "जनावर पल्याडच्या डोंगरात गेलं." जीपा पल्याड जाऊन धूळ खाऊन यायच्या. तो आमच्या अंगणात बसून कोरा चहा प्यायचा तेव्हा आई दारातून त्याच्या पायांकडे बघायची. एक दिवस तो गेल्यावर म्हणाली, "हा मानूस पहिले आपल्या डोळ्यात पाहून बोले. आता कपाकडं पाहून बोलते. काऊन?"

मोहफुलं वेचायचे दिवस होते. उजाडायच्या आधी आई आणि मी टोपल्या घेऊन निघायचो, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात आणि त्याहून आधी, काळोखात गेलं तर अस्वल गाठतं. झाडाखाली गोडसर, आंबूस वास भरलेला असायचा आणि फुलं टपटप पडत राहायची. एका सकाळी टोपली भरली, आई घराकडे वळली, आणि मी नाल्याजवळच्या वळणावर पंजे आहेत का बघायला म्हणून वर गेले. वळणाच्या अलीकडेच पाय थांबले. मनकूभाऊ रस्त्यावर होता. हातात पळसाच्या पानांची डहाळी. तो उलटा चालत होता आणि चालता चालता रस्ता झाडत होता. बाई अंगण झाडते तसा नाही, हलक्या हातानं, माती हलेल पण रेघ उठणार नाही असा. झाडून झालं की मूठभर कोरडी पानं वर टाकत होता. मध्येच थांबून त्यानं डोंगराकडे कान दिला, मग खाली वाकून एक जागा बोटांनी सारखी केली.

मी दचकले, आणि खरं सांगते, त्यात आनंदही होता. सापडला! सापळा लावणारे येतात-जातात आणि हा त्यांची पावलं पुसतो, हे मला इतकं लख्ख दिसलं की दुसरं काही सुचलंच नाही. मी पळत घरी आले आणि बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्यावर जे आलं ते मी आयुष्यात विसरले नाही. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा होता तो. दुसऱ्या सकाळी आम्ही दोघं बांबूच्या बेटाआड बसलो आणि बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

रेंज ऑफिसात मनकूभाऊला उभं केलं तेव्हा मी तिथेच होते. त्याची आणि माझी, दोन्ही जबान्या मीच लिहिल्या, माझ्या वळणदार अक्षरात, दोन्ही बाजूंनी समास सोडून.

"रस्ता काऊन झाडत होता?" रेंजरसाहेबांनी विचारलं.

"असाच."

"कोनाचे पाय पुसत होता?"

मनकूभाऊनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मले काई सांगाचं नाई, साहेब," तो म्हणाला.

त्याला दोन दिवस बसवून ठेवलं. पाड्यावरच्या त्याच्या घराची झडती झाली. धानाची कणगी उपसली, चुलीमागची माती उकरली. काहीच सापडलं नाही, पण काही सापडलं नाही म्हणजे हा किती पक्का आहे बघा, असं सगळे म्हणाले. सोडला, पण रोजंदारी बंद झाली आणि राखीव जंगलात पाय टाकायला मनाई झाली. हाटात लोक त्याला बघून बाजूला सरकायला लागले. बाबांची वर्दी वाचली. त्या रात्री ते तीन वाट्या भात जेवले आणि आईला म्हणाले, "पोरीनं नाव राखलं."

चार दिवसांनी मी टोपली आणि मोजणीची काच घेऊन पुन्हा त्या वळणावर गेले. मोठेपणा मिरवायलाच गेले असेन, कारण तिथे कोणी बघायला नव्हतं तरी मी मान ताठ ठेवून चालत होते. आता रस्ता झाडणारं कोणी नव्हतं. फुफाट्यावर पंजे होते. लांबट, वाघिणीचे. नाल्यातून वर येणारे, रस्ता ओलांडून कपारीकडे जाणारे. त्यांच्यावर कपारीकडून पाण्याकडे येणारे. त्यांच्यावर पुन्हा जाणारे. जुने, नवे, एकावर एक, आणि सगळे एकाच वाटेवर. माणसाचं पाऊल एकही नव्हतं. मी काच ठेवायला वाकले होते, तशीच वाकलेली राहिले. एकाच वाटेनं रोज जाणं-येणं असेल तर टोकाला त्याचं घर. वर कपारीत पिल्लं होती. जीपा नाल्यापाशी आल्या असत्या आणि ही वाट दिसली असती, तर त्या दिवसभर कपारीखाली उभ्या राहिल्या असत्या. वाघीण पाण्याला उतरली नसती, नाही तर पिल्लं तोंडात धरून भर उन्हात दुसऱ्या डोंगराला निघाली असती.

मी घाबरले होते. वरून वानरानं खाकरून वाघाचा इशारा दिला. तरी मी पळसाची डहाळी तोडली आणि झाडायला लागले. मला त्याच्यासारखं जमेना. रेघा उठत होत्या. पुन्हा झाडलं, पानं टाकली, पुन्हा झाडलं. घामानं परकर पायाला चिकटला. घरी आल्यावर आई म्हणाली, "मोह तर एवढासाच आनला, मंग एवढी धूळ कुठची?" मी खोटं बोलले. तिनं विश्वास ठेवला नाही, पण विचारलंही नाही.

दुपारी पाड्यावर गेले. मनकूभाऊ दारात बसून बांबूच्या कांब्या सोलत होता. त्याची बायको मला बघून आत निघून गेली. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मनकूभाऊ, मले दिसलं. वर पिल्लं हायेत. मी आत्ताच साहेबाले जाऊन सांगतो."

"काय सांगशील?"

"का तुम्ही चोर नाई. तुम्ही वाघिनीसाठी झाडत होते."

त्यानं कांबी खाली ठेवली. "आन् साहेब काय म्हनल? कुठी हाय वाघीन, दाखव. परवा त्याच्याच घरचे पाहुने जीपीत बसतीन." मग म्हणाला, "आमच्यात बायतीनीच्या खोपीकडं मानूस पाय टाकत नाई, नाळ पडेपावतर. जनावर काय वेगळं हाय? तिचे दिस तिले भेटाले पाह्यजे. तू आज वाट झाडली ना?"

मी मान हलवली.

"तुह्या हातावरच्या मातीवरून समजलं. मंग झाडत राह्य. जोर लावू नको, डहाळी लोंबती धर. पिल्लं मायच्या मांगं चालाले लागली का मंग सांगजो. तोवर मी चोर तर चोर."

पुढच्या बारा-तेरा सकाळी मी झाडलं. मोह वेचायचं निमित्त होतं. आई सोबत यायची आणि माझी टोपली तीच भरायची. तिला किती कळलं होतं कोण जाणे. त्या दिवसांत मी सगळ्यांवर संशय घेतला. खानसामा वळणापाशी थांबला की तो पुढे जाईपर्यंत मी तिथून हलायची नाही. जीपवाला खाली वाकला की वाटायचं, दिसली याला. बाबा मला न्याहाळताहेत असं वाटून मी भाकरीचा तुकडा चावत बसायची. सापळा खरोखर कोणी लावला होता ते मात्र कधीच कळलं नाही, ना तेव्हा, ना नंतर. आणि मग एका सकाळी फुफाट्यात लांबट पंज्यांच्या मागे बशीएवढेही नाहीत असे छोटे पंजे दिसले. तीन पिल्लांचे. रस्ता ओलांडून पलीकडच्या दाट बांबूत गेलेले. ते मी झाडले नाहीत. ते आता तिथून गेलेच होते.

धावत पाड्यावर गेले. मनकूभाऊ ऐकून लहान मुलासारखा हसला. तीनदा विचारलं, "तीन? तीनई?" मग म्हणाला, "आता सांगशील तर चालते, पोरी."

मी घरी आले. बाबा अंगणात खाटेवर झोपले होते, दुपारचे, तोंड उघडं टाकून. सापळा सापडल्यापासून त्यांना अशी झोप लागलेली मी बघितली नव्हती. मी त्यांच्याजवळ उभी राहिले. मी सांगितलं, तर साहेब म्हणणार, मग आतला माणूस कोण? आणि बोट पुन्हा इकडे वळणार. संध्याकाळी सांगू, असं मी ठरवलं. संध्याकाळी वाटलं, सकाळी. सुट्टी संपली, मी चंद्रपूरला गेले. नंतर चामोर्शीला शिक्षिका झाले, लग्न झालं, बाबा निवृत्त झाले, आणि दर सुट्टीला मी ठरवत राहिले. मनकूभाऊ स्वतः येऊन कधी काही बोलला नाही. तो बांबूच्या कटाईवर गेला, मग रस्त्याच्या खडीवर. तो वारल्याचं बाबांनी मला जेवताना सांगितलं आणि पुढे म्हणाले, "मानूस वाईट नव्हता. काय बुद्धी झाली त्याले." तेव्हाही मी गप्प राहिले. बाबांना दुखवायचं नव्हतं, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. मला माझी शाबासकी परत द्यायची नव्हती, हे खरं. बाबा गेले, आई गेली, तरी मी बोलले नाही. तेव्हा तर ते कारणही उरलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मुलगा हट्टानं मला सफारीला घेऊन गेला. उघडी जिप्सी, पुढे ड्रायव्हरशेजारी खाकी कपड्यातली गाइड. पंचविशीची, चटपटीत, डोळ्यांत काजळ. आता तिथल्या मुली गाइड होतात हे बघून मला फार बरं वाटलं. डोंगर तोच, साग तोच. नाल्यापाशी आलो तशी तिनं हात करून गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाली, "याले चोरवळन म्हनतात. इथी मनकू नावाचा एक मानूस शिकाऱ्यायचे पाय पुसत होता. रंगेहात धरला त्याले." मागच्या सीटवरच्या जोडप्यानं लगेच फोन काढून रस्त्याचा फोटो घेतला.

"खोटं आहे ते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

ती सीटवर गुडघे टेकून पूर्ण मागे वळली आणि माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाली, "मले मालूम हाय, आजी. माहा आजा होता तो. वाघिनीसाठी झाडत होता. पहिल्या साली म्या खरी गोष्टच सांगत होतो. लोक हासत, म्हनत गाइड काईबाई बनवते. चोराची सांगितली का सगळे कान देतात. कागदावर तर चोरच हाय. मंग म्हटलं, असं का होईना, नाव तरी निघते त्याचं."

मुलगा मागून विचारत होता, "आई, काय झालं?"

"एका पोरीनं जबानी देल्ली होती, म्हने," ती सांगत होती. "आज्याले किती खेप विचारलं, कोन होती. मरेपावतर त्यानं नाव नाई सांगितलं. म्हने, तिनंई मंग झाडलं होतं." ती आणखी जवळ झुकली. तिच्या डोळ्यांत आता माझ्या घरातला तो जुना संशय उतरत होता. "पन हे तुमाले कसं मालूम?"

गावात ऐकलं होतं, एवढं म्हणणं पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयारही झालं होतं. मी जिप्सीच्या दांडीला धरून उठले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ती पोरगी मीच होते, बाई."